कपाट भरलं आणि लेक गप्प झाली

लेकीला शाळेतून काढल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी शिकवण्याच्या साहित्यावर एकतीस हजार रुपये घातले. आकडा पक्का आठवतो, कारण पुढे एका रात्री सगळ्या पावत्या पुढ्यात घेऊन मी तो स्वतः मांडला. अपूर्णांकांच्या रंगीत चकत्या, मणी, इंग्रजी शब्दांची फ्लॅशकार्डं, विज्ञानाच्या प्रयोगांचे चार डबे, दर महिन्याला कुरिअरनं येणारी एक पेटी, दोन ॲपची वर्षाची वर्गणी आणि छापील वर्कशीटचे गठ्ठे. भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या घरात त्यासाठी एक लोखंडी कपाट आणलं. ते कपाट भरलं, आणि त्याच सहा महिन्यांत लेकीनं प्रश्न विचारणं बंद केलं.

मुलांना घरी शिकवायचा विचार करणाऱ्या, किंवा शाळा चालू ठेवून घरी काही वेगळं करू पाहणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. मला जे कळायला दीड वर्ष लागलं, ते त्यांना पहिल्या महिन्यात कळावं.

गोष्ट २०२१ ची. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलच्या पडद्यावर झाली. वर्ग पुन्हा भरू लागले तेव्हा लेक आठ वर्षांची होती. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं आणि डॉक्टर म्हणायचे, पोट ठीक आहे. आम्ही नवराबायकोनं पुष्कळ विचार करून तिला घरी ठेवायचं ठरवलं. त्या निर्णयाची खंत मला आजही नाही. खंत आहे ती त्यानंतर मी जे केलं त्याची.

मला भीती वाटत होती. नातेवाईक विचारायचे, मुलगी काय शिकते? या प्रश्नाला दाखवायला माझ्याकडे काहीतरी हवं होतं. भरलेली वर्कशीटं दाखवता येतात, भिंतीवरचा तक्ता दाखवता येतो, डब्यातल्या प्रयोगाचा फोटो पुण्याच्या मावशीला पाठवता येतो. म्हणून मी सामान घेत गेले. सकाळी नऊ ते एक असं वेळापत्रक केलं. शाळेतून काढलेल्या मुलीसाठी मी घरात दुसरी शाळा उभी केली. त्या शाळेत वर्ग एक, मुलगी एक आणि पाठीशी उभी असलेली आई एक.

एका दुपारी ती पालथी पडून वर्कशीट सोडवत होती. झरझर लिहीत होती. मला बरं वाटलं. जवळ गेले तर तिनं वहीचा मागचा भाग पटकन मिटला. मागच्या पानांवर सगळी उत्तरं छापलेली होती आणि ती तिथून बघून लिहीत होती. मी रागावले नाही, पण विचारलं, "असं का गं?" ती म्हणाली, "आई, उत्तर तर मागे आहेच ना. मग मी कशाला काढायचं?"

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी माझे सासरे, आबा, मला म्हणाले, "सूनबाई, ही पोर आधी मला पाणी पिऊ देत नव्हती, इतकं विचारायची. चार महिने झाले, तिनं मला एक प्रश्न विचारलेला नाही." आबा चाळीस वर्षं भेलच्या कारखान्यात होते. माणूस फार बोलत नाही, पण बोलले की ऐकावं लागतं. त्या रात्री मी पावत्या काढल्या.

आता माझं दैव चांगलं म्हणून मी भोपाळात राहते. मुलांनी हातानं शिकावं यासाठी या देशात जे मोठे प्रयत्न झाले, त्यातल्या एकाचं घर इथे आहे आणि इतकी वर्षं मी त्याच्या जवळून नुसती जात होते. एकलव्य ही संस्था १९८२ साली सुरू झाली. तिचं ठिकाण आता जाटखेडीला, होशंगाबाद रोडच्या बाजूला आहे. आबांचे एक जुने मित्र तिथल्या माणसांना ओळखत होते, त्यांनी जायला सांगितलं. मी लेकीला न घेता एकटीच गेले. तिथून दोन गोष्टी आणल्या, 'चकमक' मासिकाचे काही अंक आणि काडेपेटीच्या काड्यांपासून आकार बनवायचं एक पातळ पुस्तक. सगळे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत.

आणि इथे मी दुसरी चूक केली. ती पहिलीपेक्षा मोठी होती, म्हणून सविस्तर सांगते.

हे काड्यांचं काम अरविंद गुप्तांमुळे देशभर पोहोचलं. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस पुण्यात टेल्कोत नोकरीला होता आणि १९७८ साली रजा घेऊन होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञान शिकवण्याच्या कामात आला. तिथल्या आठवडी बाजारात जे स्वस्त मिळतं त्यातून काय करता येईल, असं शोधता शोधता सायकलच्या वाल ट्यूबचे तुकडे आणि काड्या त्यांच्या हाती लागल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी आणि हिंदी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात.

वाल ट्यूब म्हणजे सायकलच्या चाकात हवा भरतात त्या वाल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी. सायकलच्या दुकानात ती हातभर मागितली तर हातभर कापून देतात. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, दोन्ही तोंडांतून एकेक काडी सरकवायची, की सांधा तयार. तीन काड्यांचा सांधा हवा असेल तर नळीच्या मध्ये जाड सुईनं किंवा बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी आडवी घालायची. काड्या लाकडाच्याच घ्याव्यात, मेणाच्या वाकतात. आणि काडीचं डोकं आधी ब्लेडनं खरवडून टाकावं. हे काम मोठ्यांनीच करावं. डोक्यासकट काड्या मुलांच्या हातात देऊ नयेत.

हे सगळं मी रात्री, लेक झोपल्यावर केलं. बारा वाजेपर्यंत बसून एक घन बनवला, एक पिरॅमिड, एक झोपडी. नीट, एकसारख्या मापाचे. सकाळी तिच्या टेबलावर मांडून ठेवले. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिनं ते पाहिले, "छान आहे," म्हणाली आणि बाजूला सरकवून दूध प्यायला गेली. आठवडाभर ते तिथेच पडून होते. शेवटी कामवाल्या मावशींनी पुसताना झोपडी मोडली, तरी लेकीनं मान वर केली नाही.

मला वाटलं, हेही साहित्य वाया गेलं. तसं खरंच घडलं असतं, पण एका रविवारी आमच्या जिन्याखालच्या ओट्यावर शेजारच्या भाभींची दोन मुलं आणि वरच्या मजल्यावरचा एक मुलगा खेळायला आले आणि पाऊस सुरू झाला. मुलं अडकली. मी वैतागून काड्यांचा आणि नळ्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि पोळ्या लाटायला आत आले. सांगायला, दाखवायला वेळच नव्हता.

आतून ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावरच्या मुलानं चार काड्यांचा चौकोन केला होता. "आंटी, ये तो गिर रहा है!" तो ओरडला. चौकोन एका बाजूला कलत होता, दाबला की चपटा होत होता. भाभींच्या मुलीनं त्रिकोण केला होता. ती तो हवेत धरून हलवत होती आणि तो हलत नव्हता. "मेरा नहीं गिरता." मुलगा म्हणाला, तुझी नळी नवीन आहे. त्यांनी नळ्या अदलाबदल केल्या. तरी चौकोन कलला. मग माझी लेक, जी इतके महिने काही विचारत नव्हती, म्हणाली, "इसके पेट में एक डंडी लगाओ." तिनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी लावून पाहिली. काडी पुरेना, कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. मग झाडूची काडी मापून तोडली. चौकोन उभा राहिला. मी पोळी तव्यावर सोडून दारात येऊन उभी राहिले. तव्यावर ती काळी झाली, पण मी काही बोलले नाही. आजवर माझ्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टींत मी ती धरते.

तीन दिवसांनी आम्ही होशंगाबाद रोडनं स्कूटरवर चाललो होतो. मागे बसलेली लेक एकदम ओरडली, "आई, थांब, थांब!" विजेचा मनोरा दाखवत होती. "बघ, सगळे त्रिकोण आहेत! एकही रिकामा चौकोन नाही!" नंतर पूल, पत्र्याच्या छताच्या कैच्या, जत्रेतला पाळणा, सगळीकडे ती त्रिकोण शोधत राहिली. घनाला बारा काड्या आणि आठ सांधे लागतात, तरी तो कोसळतो. सहा काड्या आणि चार सांध्यांचा चतुष्फलक मात्र कोसळत नाही. हे त्या चौघांनी आपलं आपण शोधलं. माझ्या रात्रीच्या घनात हेच होतं, पण तो मी पुरा करून ठेवला होता. तिच्यासाठी त्यात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या पावसाच्या दिवसानं मला होशंगाबादच्या कामाकडे पुन्हा बघायला लावलं. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत हा विज्ञान कार्यक्रम सुरू केला. पुढे एकलव्यनं तो चालवला. शेकडो शाळांत तो पसरला आणि २००२ साली राज्य सरकारनं बंद केला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण तयार उत्तरं नव्हती. मुलांनी प्रयोग करायचा, जे दिसेल ते लिहायचं आणि वर्गात त्यावर भांडायचं. परीक्षेतही पुस्तक उघडून बसायला मुभा होती. आणि मुलं टोळ्या करून काम करत. एका मुलाच्या एकट्याच्या टेबलासाठी हे साहित्य कुणी बनवलंच नव्हतं.

हे वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय चुकवलं होतं. चकत्या वाईट नव्हत्या, भिंगं वाईट नव्हती, त्या डब्यांतले काही प्रयोग तर फार चांगले होते. पण चौकोन कलला की "तुझी नळी नवीन आहे" असं म्हणणारं दुसरं मूल नव्हतं. आईनं "बघ हं, का कललं असेल?" असं विचारलं की मुलाला कळतं, आईला उत्तर माहीत आहे. ते मूल मग चौकोनाकडे बघत नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघतं. दुसऱ्या मुलाला उत्तर माहीत नसतं, म्हणून दोघंही चौकोनाकडे बघतात. घरी शिकणाऱ्या मुलाला या एका गोष्टीची सगळ्यात जास्त उणीव पडते आणि ती कुठल्याही पेटीतून येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला हा: पहिला महिनाभर काही विकत घेऊ नका. त्या महिन्यात दोन-तीन मुलं शोधा. ती शाळेत जाणारी असली तरी चालतील, संध्याकाळी पाचनंतर ती मोकळीच असतात. वयं वेगवेगळी असली तर आणखी चांगलं. शेजारणीशी बोला, त्यांना संशय वाटेल की तुम्ही शिकवणी सुरू करता आहात. माझ्या शेजारणीला तेच वाटलं होतं. त्यांना आठवड्यातून एक दिवस स्वतः येऊन बसायला सांगा. आमच्या भाभी आता काड्यांपेक्षा स्वयंपाकातलं मोजमाप मुलांना चांगलं शिकवतात.

होशंगाबादच्या त्या कार्यक्रमात सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रानं प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं जात. मला ही कल्पना फार आवडली. आम्ही ओट्यावर एक वही बांधून ठेवली, दोरीला पेन्सिल. कुणालाही, केव्हाही प्रश्न सुचला की लिहायचा, खाली नाव. उत्तर लगेच द्यायचं नाही, असा नियम मी फक्त स्वतःसाठी केला. त्या वहीतूनच आमचं सगळ्यात मोठं काम निघालं. ते तलावाचं.

भोपाळचा बडा तालाब, आम्ही मराठी घरात मोठं तळं म्हणतो, पावसाळ्यात शहराच्या बोलण्यात असतो. वर्तमानपत्रात त्याची पातळी छापून येते. भरलेल्या तळ्याची पातळी १६६६.८० फूट. ती गाठली की भदभदा धरणाची दारं उघडतात आणि अर्धं शहर बघायला जातं. मुलांनी जुलैपासून रोज वर्तमानपत्रातला आकडा एका मोठ्या कागदावर मांडायला सुरुवात केली. आता बघा, दशांश अपूर्णांकाची किती वर्कशीटं मी लेकीकडून भरून घेतली होती! तरी ती ५.४ पेक्षा ५.३५ मोठा म्हणायची, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. तळ्याच्या आकड्यात तिला हे एका आठवड्यात उमगलं. पातळी १६६४.४ वरून १६६४.३५ झाली म्हणजे तळं वाढलं की घटलं, यावर ओट्यावर दोन दिवस भांडण झालं. भाभींच्या मुलानं शेवटी फूटपट्टी आणून फुटाचे दहा भाग आणि एका भागाचे पुन्हा दहा भाग खडूनं भिंतीवर काढले. भांडण मिटलं. तो खडू आजही पुसू दिलेला नाही.

मग वहीत एक प्रश्न आला. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा. आमच्या भागात चार दिवस एक थेंब पडला नव्हता आणि पातळी वाढत होती. "यहाँ तो बारिश हुई ही नहीं, पानी कैसे बढ़ा?" मला उत्तर ठाऊक होतं. या वेळी मी गप्प बसले. मुलांनी आबांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं. दूधवाला सीहोरच्या बाजूचा. तो म्हणाला, आमच्याकडे तर शेतात गुडघाभर पाणी आहे. मग नकाशा निघाला. कोलांस नदी सीहोरकडून येते आणि तळ्यात मिळते. सीहोरात पाऊस पडला की भोपाळचं तळं भरतं. त्या दिवसापासून त्यांच्या कागदावर दोन रेघा आल्या, एक तळ्याची आणि एक सीहोरच्या पावसाची. दारं कधी उघडतील याचा अंदाज प्रत्येकानं लिहिला. सगळ्यांचा चुकला. लेकीचा सहा दिवसांनी चुकला आणि ती का चुकली हे समजून घ्यायला तिनं पुन्हा सगळे आकडे काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात शीतलदास की बगियाच्या घाटावर पाण्याबाहेर आलेल्या पायऱ्या मोजायला आम्ही रविवारी जात असू. या तळ्याला २००२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात. पक्ष्यांची नावं आम्ही नंतर शिकलो. आधी मुलांनी त्यांना आपली नावं ठेवली होती, काळा पाणडुब्या, चमच्याचोच्या. पुस्तकात खरं नाव सापडलं की वहीत शेजारी लिहायचं. मला वाटतं हाच क्रम बरा.

भोपाळात बाहेर शिकण्यासारखं इतकं आहे की आईवडिलांना घाई होते. मलाही झाली. मानव संग्रहालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वर्कशीट बनवून नेलं होतं: किती घरं, कोणत्या जमाती, छप्पर कशाचं. श्यामला टेकडीवर सुमारे दोनशे एकरांत पसरलेली ती जागा. देशभरातल्या आदिवासींची खरीखुरी घरं तिथे उभी केलेली आहेत, त्यांच्याच माणसांकडून बांधून घेतलेली. लेक वर्कशीट भरत एका घरातून दुसऱ्या घरात पळाली. तिनं काहीच पाहिलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काही नेलं नाही. तोडा जमातीच्या झोपडीसमोर ओट्यावरच्या टोळीनं अर्धा तास काढला. तिचं दार इतकं छोटं की रांगत जावं लागेल. असं का? थंडी? जनावर? मुलांनी घरी येऊन पुठ्ठ्याच्या खोक्यांची दोन घरं केली, एक मोठ्या दाराचं, एक छोट्या दाराचं, आत गरम पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि कुठली लवकर निवते ते पाहिलं. संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा, आम्ही एकदा परत आलो होतो.

भीमबेटकाच्या गुहाचित्रांचंही तसंच. भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटर. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ साली आगगाडीनं जाताना त्या खडकांकडे पाहून उतरले आणि ही चित्रं जगासमोर आली. २००३ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. वाकणकर मूळचे नीमचचे, मराठी घरातले, हे सांगितलं की आमच्या घरात आबांचा चेहरा उजळतो. चित्रांना हात लावायचा नाही हे मुलांना गाडीतच पटवून द्या. घरी आल्यावर सासूबाईंनी सहाणेवर गेरू उगाळून दिला, मुलांनी कडुनिंबाच्या काडीचं टोक चावून कुंचला केला आणि अंगणातल्या फरशीवर रेडा काढला. गेरू नुसत्या पाण्यात कालवला तर वाळल्यावर झडतो, डिंक घातला की टिकतो. मग तिथल्या चित्रांत काय घातलं असेल? हा प्रश्न वहीत अजून आहे.

वाचनाबद्दल एक सांगते, कारण मराठी घरांत ही चूक सर्रास होते. मी सगळं साहित्य इंग्रजी आणलं होतं. लेकीची घरची भाषा मराठी, ओट्यावरची हिंदी. जी भाषा तिच्या तोंडात नव्हती तीत तिनं विचार करावा, ही माझी अपेक्षा होती. 'चकमक' हिंदीत आहे, १९८५ पासून निघतं. त्यातल्या 'मेरा पन्ना'मध्ये मुलांचं स्वतःचं लिखाण आणि चित्रं असतात. लेकीनं पहिल्यांदा कुणीही न सांगता वाचलं ते तिथे, दुसऱ्या मुलांचं. भोपाळातूनच एकतारा संस्थेची 'साइकिल' आणि लहानांसाठी 'प्लूटो' ही मासिकं निघतात. त्यांची चित्रं मोठ्यांनीही बघावीत अशी असतात. मराठीसाठी आम्ही बालभारतीचं 'किशोर' घेतो. ते १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. आबांनी रोज रात्री त्यातली एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, हा रिवाज पडला. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या मराठीचं काय, अशी काळजी करणाऱ्या घरांना मी एवढंच सांगते: आजीआजोबांना वाचायला लावा.

सगळं खेळातून येतं असं मात्र मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्यांवर मी एकेकाळी विश्वास ठेवला. पाढे पाठ करावे लागतात. शुद्धलेखन रोज दहा ओळी लिहूनच सुधारतं. कर्ण का लांब असतो हे लेकीला काड्यांनी कळलं, पण भागाकार तिला रोज सकाळी वीस मिनिटं बसूनच आला, आणि ती बसायला कुरकुरत होती. ती कुरकुर सोसावी. दिवसाला सकाळचा एक ठरलेला तास हवा, त्याशिवाय आठवडे निसटतात. आमचे निसटले होते आणि चौथीचं गणित पाचवीच्या वयात पुरं करावं लागलं.

कागदपत्रांकडे मी सुरुवातीला लक्ष दिलं नाही, ते तुम्ही द्या. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, इथली समग्र आयडी आणि आधारवरचं नाव एका अक्षरानंही वेगळं नसावं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० मध्ये पालकाचं कर्तव्य मानतो. घरी शिकवण्याची त्यात वेगळी सोय नाही. हे माहीत असू द्या आणि मग ठरवा. त्याच कायद्याच्या कलम ४ मुळे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळू शकतो, म्हणजे परतीचं दार उघडं आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या त्यांच्या मुक्त मूलभूत पातळ्याही आहेत. यातलं काय आपल्याला लागणार, हे मूल दहा वर्षांचं व्हायच्या आत बसून ठरवा. आणि मुलाचं काम तारीख घालून जपून ठेवा. आमच्या तळ्याच्या कागदावर, प्रश्नांच्या वहीवर प्रत्येक पानाला तारीख आहे. लेकीनं सहावीला शाळेत जायचं म्हटलं तेव्हा प्रवेशाच्या वेळी बाईंनी विचारलं, इतके दिवस काय केलं? तिनं तो कागद टेबलावर पसरला.

हो, ती शाळेत गेली. स्वतः म्हणाली, मला रोज मुलं हवीत. आम्ही अडवलं नाही. ज्यांची मुलं पुढेही घरीच शिकतात त्यांचंही मला पटतं, प्रत्येक मुलाचं निराळं असतं. ओट्यावरची टोळी पाचनंतर जमतेच, आता सात मुलं आहेत आणि सगळ्यात लहान पाच वर्षांचा.

घरी शिकवायचं ठरवलं असेल तर खरेदीची यादी करण्याआधी आज संध्याकाळी शेजारचं दार वाजवा आणि त्यांच्या मुलाला खेळायला बोलवा. काड्या, वाल ट्यूब आणि दोरीला बांधलेली वही, तिन्ही मिळून शंभराच्या आत बसतात. आमचं लोखंडी कपाट गेल्या दिवाळीत, त्यातल्या सामानासकट, आम्ही जवळच्या अंगणवाडीला दिलं. तिथे पंचवीस मुलं आहेत. लेकीनं त्यातलं एक भिंग तेवढं ठेवून घेतलं.